डीमधली सदतीस गाणी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सणसर

आज कॉम्प्युटर सुरू व्हायला सोळा मिनिटे लागली. घड्याळ लावून मोजली. तेवढ्यात आईचे जेवण झाले, तिने स्वतःचे ताट धुतले, गळ्यावरचे फडके बदलले आणि ती येऊन खुर्चीत बसली, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच होते. अखेर गाणे लागले तेव्हा तिने माझ्याकडे न बघता हात हलवला. म्हणजे आता तू जा.

गेल्या वर्षी जानेवारीत आईचे स्वरयंत्र काढले. कर्करोग होता. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते, आवाज नाही. ऑपरेशनच्या आधी पाच दिवस मी माइक आणून, पंखे बंद करून, दारात कुणाला येऊ न देता याच कॉम्प्युटरवर तिची गाणी भरून घेतली. जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांची गाणी, दोन पाळणे. सगळी मिळून सदतीस. आईचा, म्हणजे केसरबाईचा गळा कळंबपासून माळेगावपर्यंत माणसे ओळखत होती. आता ती रोज जेवल्यावर तासभर स्वतःला ऐकते आणि ओठ हलवते. मी शाळेच्या ऑफिसात असलो की बायको, करुणा, लावून देते.

संध्याकाळी सुमितचा पुण्याहून फोन. धाकटा असून मोठ्या कंपनीत आहे, त्यामुळे सल्ले फुकट.

"दादा, त्या डब्यावर नवं विंडोज चालणार न्हाय आणि जुन्याचे अपडेट बंद झाले. लिनक्स टाकू. हलकं असतंय. मी सहा डिसेंबरला येतूय, तवा टाकतो."

"मला काय येत न्हाय का?" मी म्हटले.

"तसं न्हाय रे. आणि आईची गाणी पाठव की. किती दिवस मागतूय."

"ऐकायची असतील तर गावाला ये."

त्याने फोन ठेवला. मला बरे वाटले, खोटे का लिहू? आईच्या ऑपरेशनला हा बेंगळुरूत मीटिंगा करत होता, तिसऱ्या दिवशी उगवला. ज्याने माइक धरला त्याच्याकडे गाणी राहतील.

आई आज परत दोन बोटांची गोल चाळीशी करून डोळ्याला लावत होती आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवत होती. चष्मेवाला म्हणजे सुमित. आठवण येते तिला. मी फोन लावून दिला. ती कानाला लावून बसली, तो एकटाच बोलत राहिला. फोन ठेवल्यावर तिने पुन्हा तीच खूण केली. आता दिवसातून कितीदा लावायचा?

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिनक्सचे नऊ व्हिडिओ पाहिले. काही अवघड नाही. सुमितची वाट बघायची गरज नाही. तो आला की चालू कॉम्प्युटरच दाखवायचा.

करुणा म्हणाली, "अवो, भाऊजी येणारच हायेत. तवर थांबा की."

"का? भाऊजींना जास्त अक्कल हाय?"

"मी असं कुठं म्हणलं?" असे म्हणून ती भाकरी थापायला गेली. बायकांचे न म्हणणेच जास्त ऐकू येते.

बॅकअप मात्र नीट घेतला. आईची गाणी डेस्कटॉपवर होती, ती सगळी उचलून डी ड्राइव्हमध्ये टाकली. दोन्हीकडे ठेवून जागा कशाला अडवायची? २००८ साली इंदापूरला तीन महिन्यांचा कोर्स केला, तेव्हा मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिले होते: सीमध्ये काही ठेवू नका, कॉम्प्युटर बिघडला की सी जातो, डी राहतो. मला ९१ टक्के होते. सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. शाळेतला कॉम्प्युटर आजवर चारदा फॉरमॅट झाला, डीमधले एक पत्रक गेले नाही.

सुमितचा मेसेज: बॅकअप घेतलास का?

मी लिहिले: घेतला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लिनक्स पेनड्राइव्हवर चढवले. घरात पेनड्राइव्ह एकच. मागच्या सहा डिसेंबरला विहारात आईची बारा गाणी स्पीकरवर लावली, ती यातूनच. ती पुसावी लागली, पण मूळ डीमध्ये आहेतच, परत भरता येतील.

तो दिवस आठवला. सगळा विहार उभा राहून ऐकत होता आणि आई पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. चारपाच जणांनी मोबाइल काढले तेव्हा मीच माइकवरून सांगितले, कुणी रेकॉर्ड करायचे नाही, मोबाइल खिशात ठेवा. एकदा मोबाइलवर गेले की गावोगावचे गायक आपल्या नावाने गाणार. माझे चुकले नव्हते.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी आठला बसलो. पेनड्राइव्ह आधी दिसेचना. मग सुरुवातीच्या निळ्या पडद्यात जाऊन आधी पेनड्राइव्ह, मग डिस्क असा क्रम लावला आणि लिनक्स उघडले. भाषा विचारली, त्यात चक्क मराठी होती. छाती फुगली.

पुढे विचारले, कसे बसवायचे. पहिलाच पर्याय: पूर्ण डिस्क पुसून बसवा. खाली इशारा, यावरचे सगळे जाईल. असले इशारे सगळीकडे असतात, शाळेच्या जिन्यावरही 'धावू नये' लिहिलेले आहे. सी जाणार हे मला माहीतच होते. टिचकी मारली.

पट्टी सरकत सरकत शेवटाला आली आणि लाल चौकट. कॉम्प्युटर सुरू करून देणारा भागच बसला नाही म्हणे. बंद करून चालू केला तर काळा पडदा आणि एक इंग्रजी ओळ, की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

आई जेवून आली, खुर्चीत बसली. मी सांगितले, "दुरुस्ती चालू हाय. उद्या लावतो." तिने मान हलवली. तरी तासभर काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. मला उगाच राग आला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर दुसरा प्रयत्न. एका व्हिडिओत सापडले की जुन्या मशीनला निळ्या पडद्यात एक पर्याय बदलावा लागतो. बदलला. परत पूर्ण डिस्क पुसून पहिल्यापासून बसवले, म्हणजे आधीची घाण राहायला नको. सत्तर टक्क्यांवर वीज गेली. कारखान्याला ऊस जायला लागला की आमच्या लाइनीचे हे असेच.

करुणा म्हणते, आई आजही येऊन बसली होती, आणि पडदा पदराने पुसून गेली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तिसरा प्रयत्न. परत तीच लाल चौकट. या वेळी वाचण्यात चूक, लिहिण्यात चूक असे काहीतरी. डिस्क म्हातारी झाली आहे. पण मी सोडणाऱ्यातला नाही. हे आईकडून आले आहे. ती एका बैठकीत चाळीस ओव्या म्हणायची, दळण संपायचे पण ती संपायची नाही.

सुमितचा फोन आला होता. "कुठपर्यंत आलं?" म्हणाला. मी म्हटले, "झालंच." त्याने विचारले, "कुठला पर्याय निवडलास? गाणी बाहेर काढलीस ना?" मी म्हटले, "मला शिकवू नगंस," आणि फोन ठेवला.

रविवार, २३ नोव्हेंबर

जमले!!

चौथ्या वेळेला जमले. दुसऱ्या एका हलक्या लिनक्सने काम केले. पूर्ण डिस्क साफ, नवे कोरे, अवघ्या पन्नास सेकंदांत सुरू. पन्नास! कुठे सोळा मिनिटे आणि कुठे पन्नास सेकंद. मी करुणाला हाका मारल्या, आईला हाताला धरून आणले, खुर्चीत बसवले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जसे काही सभाच आहे.

मग डी उघडायला गेलो. डी दिसेना.

लिनक्स त्याला दुसरे नाव देत असणार. सगळे फोल्डर उघडून पाहिले. एकच डिस्क दाखवतो आणि ती जवळजवळ रिकामी. आई बसून होती. मी म्हटले, "जरा एक बारीक काम राहिलंय." तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मग उठून गेली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

डी लपलेला आहे. कधी कधी तसे होते, असे एका व्हिडिओत एकाने सांगितले आहे. त्याने दिलेल्या आज्ञा जशाच्या तशा टंकल्या. नाही.

शाळेतून जुन्या विंडोजची सीडी आणून लावून पाहिली, फक्त बघण्यापुरती. त्यातही एकच डिस्क, एकच तुकडा. जेवलो नाही. करुणाने विचारले तर म्हटले, पित्त झालेय.

एक विचार येतो आणि मी तो पुरा होऊ देत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून बारामतीला गेलो. करुणा मोटरसायकलवर मागे बसली, मांडीवर सीपीयू. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, पुढचे काही दिसत नाही.

स्टँडमागे तेजश्री नावाच्या बाईचे दुरुस्तीचे दुकान आहे. माळेगावची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण शाळेचे प्रिंटर तीच बघते, हात साफ आहे. तिने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि विचारले, "सर, पहिल्यांदा कधी पुसली?"

"सोळाला."

"आणि मग?"

मी सांगितले. अठरा, बावीस, तेवीस. सांगताना माझाच आवाज बारीक होत गेला. तिने पेन खाली ठेवला.

"चार वेळा?"

"पण गाणी डीमध्ये हुती," मी म्हटले. "सी जातो, डी ऱ्हातो. कोर्समध्ये शिकवलंय."

"शिकवलं त्ये बरोबरच हाय सर. विंडोज बिघडलं तर तसंच हुतं. पण सी आणि डी ही दोन रानं न्हाईत. एकाच रानात मधी बांध घातलाय. तुमी बांधासकट सगळं रान नांगारलं." मग जरा थांबून म्हणाली, "सोळालाच बंद करून माझ्याकडं आणली असती, तर बरंच निघालं असतं. नांगारल्यावरबी बी खाली ऱ्हातंय. पण तुमी चारदा नांगारून वर पाणी सोडलंय."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिची काय चूक? पण वाटली, म्हणून लिहिले.

"काय हुतं त्यात?" तिने विचारले.

मी डिस्कचे निघालेले स्क्रू गोळा करू लागलो. करुणाच म्हणाली, "सासूबाईंचा आवाज."

तेजश्रीने पावती लिहिली नाही. डिस्क ठेवून घेतली, म्हणाली, चार-पाच दिवस लागतील, आशा धरू नका.

येताना करुणाने आईबद्दल एवढेच विचारले, "आत्यांना कवा सांगणार?"

"मिळालं की सांगतो."

"आणि न्हाय मिळालं तर?"

पुढे ट्रॅक्टर होता. मी हॉर्न वाजवत राहिलो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

एक बरे झाले. आई आता दुपारची खुर्चीत येऊन बसत नाही. खुर्चीवर तिने घडी घातलेल्या गोधड्या रचून ठेवल्या आहेत. सवय मोडली म्हणायची. मला वाटले होते जास्त त्रास देईल.

जेवण मात्र अर्ध्यावर टाकते. थंडीने असेल.

रविवार, ३० नोव्हेंबर

विहाराचे ज्ञानू आबा सकाळी आले. सहा तारखेला काय काय लावायचे ते ठरवायला. म्हणाले, "अवंदा केसरबाईची बाराच नगं, सगळी लावू. माणसं विचारत्यात." मी चहा दिला, हो म्हटले.

मग जाताना दारात विचारले, सहज विचारतोय असे दाखवून, "आबा, मागल्या साली कुणी मोबाइलवर घेतली असतील का वो गाणी? थोडीबहुत?"

आबा हसले. "कोण घेतंय? तुमीच म्हणला हुता ना, मोबाइल खिशात ठेवा. आमी ठेवलं."

तरी मी दिवसभर वीस-बावीस घरे फिरलो. कुणाकडे नाही. एका घरी चौदा सेकंदांचा व्हिडिओ निघाला, त्यात मी माइकवर ओरडतोय.

मला आईच्या गाण्यांतल्या दोन ओळी पक्क्या येतात, त्या इथे लिहून ठेवतो:

शाळेच्या वाटंवरी, लेक माझी अनवाणी,
पायी टोचतो गं काटा, पाटी जपते शहाणी.

पुढची आठवत नाही. रोज दुपारी घरात वाजत होते आणि मला दोन ओळी येतात. मी कधी ऐकलेच नाही, नुसते सांभाळले.

बुधवार, ३ डिसेंबर

तेजश्रीचा फोन शाळेत आला. गेलो. नावे बऱ्याच फायलींची सापडली, सदतीसच्या सदतीस. पण उघडले की आत खरखर, नाहीतर काहीच नाही. तिने एकेक लावून दाखवली. "नगं, बास," मी अकराव्या फायलीला म्हटले, तरी तिने सगळी लावली. तिचे बरोबर होते. पुढे कधी माझ्या मनात यायला नको की एखादी राहिली असेल.

"एक निघालीय," शेवटी म्हणाली. "हिला नाव नव्हतं. दुसऱ्याच कोपऱ्यात हुती. अकरा सेकंद. पण गाणं न्हाय सर, नुसतं बोलणं हाय." आणि मला बाहेरचे ऐकू येऊ नये म्हणून तिने दुकानाचे दार लोटले.

मी ऐकली. ती काय आहे ते लगेच आठवले. पहिल्याच दिवशी, पंखा बंद करायच्याही आधी, माइक चालतो का ते बघायला म्हणून घेतली होती. सदतीसांत ती नव्हतीच.

मोबाइलवर घेतली. तेजश्रीने पैसे किती झाले ते सांगितले नाही, मी दोनदा विचारले. बाहेर येऊन स्टँडच्या कठड्यावर बसलो आणि रडलो. माणसे बघत होती, बघू देत.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज रजा टाकली आणि सांगितले.

आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. करुणा शेजारी. मी समोर पाटावर बसलो आणि म्हटले, "आई, तुझी गाणी गेली. सगळी. माझ्या हातनं गेली. मशीन बिघडलं न्हवतं, मीच पुसली. चारदा पुसली."

तिने शेंगा फोडणे थांबवले नाही. दोन-तीन फोडल्या. मग करुणाकडे बघून हळूच मान हलवली, आणि करुणाने माझ्याकडे बघितले नाही, तेव्हा मला कळले. दोघींना केव्हाचेच माहीत होते. मी बोलायची वाट बघत होत्या.

"एक ऱ्हायलंय," मी म्हटले. "अकरा सेकंद."

आई उठली. बाहेरच्या खोलीत गेली, खुर्चीवरच्या गोधड्या एकेक उचलून कॉटवर ठेवल्या आणि खुर्चीत बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मी मोबाइल तिच्यासमोर टेबलावर ठेवून लावला.

आधी पंख्याची घरघर. मग तिचा आवाज, भरलेला, जरा खाकरलेला:

"बुध्या, लागलं का रं ह्ये? ... सुमितला पाठीव बरं का. त्यो लांब हाय. सगळी पाठीव, एकच नगं."

आणि मागून माझा: "आई, तू गा आधी." एवढेच.

तिने खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. परत. परत लावले. परत. सातआठ वेळा झाले. ओठ हलत नव्हते, नुसती ऐकत होती. डोळ्यांतून पाणी गळ्यापर्यंत आले तेव्हा करुणाने फडके बदलले.

मग तिने दोन बोटांची चाळीशी करून डोळ्याला लावली आणि मोबाइलकडे बोट दाखवले.

जवळजवळ दोन वर्षे ती हीच खूण करत होती आणि मी फोन लावून देत होतो. आता सांगायला तिला तिचाच आवाज लागला.

"आई, तो विचारील," मी म्हटले. तिने बोट खाली केले नाही.

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सुमितला पाठवले. सोबत काही लिहिले नाही. लिहायला घेतले होते, जमले नाही. लगेच निळ्या खुणा झाल्या. ऑफिसात कुठेतरी उठून जिन्यात गेला असेल. मग आले:

दादा! रडवलंस की रे. किती स्वच्छ आवाज हाय. बाकीची पण पाठव, सगळी, एकेक करून पाठवलीस तरी चालंल. मी हितंच बसलोय.

आई शेजारी बसून पडद्याकडे बघते आहे. तिला वाचता येत नाही. खांद्यावर थोपटून ती मला खुणेने विचारते आहे, काय म्हणाला?